डावी शिफ्ट

लॅमिंग्टन रोडला, एका जिन्याखाली,
मुस्तनसिरभाईंचं दुकान म्हणजे एक टेबल
आणि मागे भिंतीशी उभे रचलेले
कंपन्यांनी एका दिवसात टाकून दिलेले
दीडेकशे लॅपटॉप, आपल्याकडे पाठ करून.

“यात नवं विंडोज चढत नाही, बेन,
म्हणून हा भाव. बाकी मशीन खणखणीत.”
साडेबारा हजार.
झाकणावर कुठल्याशा विमा कंपनीचा स्टिकर,
अर्धा नखानं खरवडलेला.

मी म्हटलं, विंडोज नकोच आहे.
“जुनं टाकून देतो ना, फुकट!”
फुकट नको, मोकळं हवं.
ते बघत राहिले.
मलाही हा फरक भाचीनंच सांगितला होता, दिवाळीत:
चकली दिली की झालं फुकट,
भाजणीचं प्रमाणही दिलं
आणि वर म्हटलं, तुला हवा तर ओवा वाढव,
की झालं मोकळं.

रुमालाच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला.
हर्षालीनं त्यावर नेलपेंटचा ठिपका दिलाय.
“मावशी, आधी यावरून चालू कर.
वायफाय दिसलं, आवाज आला,
झोपवल्यावर परत उठला,
तरच पर्स उघड.”

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत सुटल्या.
त्यातलं मला काही कळत नाही,
पण इतक्या भराभर टायपिंग झालेलं बघून
टायपिंगवाल्या बाईला बरं वाटतंच.
वायफाय दिसलं. बिजागरी घट्ट.
पंखा कुरकुरतो. कुरकुरू दे.

मग कीबोर्ड मराठी केला
आणि ज्या शब्दांवर वीस वर्षं पोट भरलं
ते हाताला येतील तसे मारले
(लघुवाद कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे):
चाळ. माळा. गाळा. खोली. घर. भाडं. मिळकत.

पडद्यावर आलं:
चाल. माला. गाला. कोली. गर. बाडं. मिलकत.

डावी शिफ्ट मेलेली.
मुस्तनसिरभाई वाकून वाचता वाचता हसायला लागले.
“गाला तर माझा शेजारी, हार्ड डिस्कवाला!
उजवी दाबा ना, बेन.”
उजवी कशी दाबू?
माझी डावी करंगळी वीस वर्षं ळ काढतेय.
अर्जात ‘मिलकत’ गेली
तर समोरचा वकील आधी हसतो,
मग तारीख मागतो.

पाचशे कमी करा, ळ येत नाही.
बोलून गेले आणि वाटलं, पाचशेच?

“आमच्यात पण आहे ळ,” ते म्हणाले,
हसू पुसून, जणू मी त्यांच्या घरातलं कुणी आजारी आहे म्हटलं.
“दानिश, चिमटा.”
बटण टक्कन उचकटलं.
खाली धुळीत एक वाकडी स्टेपलरची पिन.
कुठल्या मजल्यावर, कुणाचा दावा नामंजूर करताना
उडाली असेल, कोण जाणे.
त्या माणसाला अडली नसेल,
त्याला कुठे कधी ‘माळा’ लिहायचा होता.

ळ आला.
सूट गेली.
घासाघीस करून एक बॅग तेवढी सुटली, तीही चेन अडकणारी.

रात्री स्टिकरला खोबरेल लावून पाहिलं.
कंपनीचं नाव निघालं,
आकडा राहिला: ४४१७.
असू दे. खटल्यांनाही असतो.

सकाळी टेबलावर मांडला तेव्हा
शेजारचे तांडेलकाका कार्बन लावता लावता म्हणाले,
“केवढ्याला?”
साडेबारा.
“आणि आत काय आहे?”
मोकळा आहे, काका.
“अरेरे,” ते म्हणाले,
“मग आता भरायचे किती घेणार?”